उजवीकडचं काज

त्यांना सगळे फ्रॉकमास्तर म्हणत. शाळेत त्यांनी कधी कुणाला काही शिकवलं नव्हतं. गळ्यात टेप आणि कानावर खडू असला की माणूस मास्तर होतो, तेवढीच ती मास्तरकी. बाजाराच्या गल्लीत, किराणावाल्याच्या बरोबर समोर, त्यांचं छोटंसं दुकान होतं. एक मशीन, एक कापायचं टेबल, भिंतीला उभा आरसा आणि तारेवर टांगलेले फ्रॉक. फक्त फ्रॉक. पुरुषांच्या कपड्याला मास्तरांनी जन्मात हात लावला नाही. कुणी पँट आखूड करायला घेऊन आलाच, तर मास्तर त्याच्याकडे असं बघायचे जणू तो चप्पल शिवायला घेऊन आलाय, आणि कोपऱ्यावरच्या दुसऱ्या टेलरचा पत्ता सांगायचे. स्वतःच्या शर्टाचं तुटलेलं बटणसुद्धा बायकोकडून लावून घ्यायचे.

पण फ्रॉक शिवावा तर मास्तरांनीच. फुग्याची बाही अशी की कपाटात महिनाभर दाबून ठेवली तरी बाहेर काढल्यावर पुन्हा फुगायची. आतून अस्तर असं लावायचे की शिवण कुठे टोचायला नको. आणि घेर पुरेपूर. कापड जरा कमी पडलं की बाकीचे टेलर पहिला हात घेरावर मारतात. मास्तर म्हणायचे, "घेरच चोरायचा तर फ्रॉक कशाला, उशीची खोळ शिवा."

घेराचा एवढा हट्ट का, ते आरशासमोर कळायचं. नवा फ्रॉक अंगात गेला की कुठलीही मुलगी एक गिरकी घेतेच. लाजरी असो की भांडकुदळ, आईच्या मागे लपणारी असो की दुकान डोक्यावर घेणारी, गिरकी चुकत नाही. त्या वेळी मास्तर मशीन थांबवायचे. घेर फुलायचा, आरसा भरून जायचा, आणि मास्तरांचं तोंडही. मग आई म्हणायची, "पुरे आता, काढ, मळेल." फ्रॉक कागदात बांधला जायचा, मुलगी आईचं बोट धरून पायऱ्या उतरायची, आणि आरशात पुन्हा एकटे मास्तर उरायचे, टेपसकट.

आपल्या घरात अशी एक असावी, गिरकी घेऊन झाल्यावरही जी कुठे जाणार नाही, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

घरात, म्हणजे दुकानाच्या वरच्या दोन खोल्यांत, दोन मुलगे होते. गुणी पोरं, पण कपड्यांच्या बाबतीत आनंदीआनंद. धाकटा एकदा शर्ट उलटा घालून शाळेत गेला आणि तसाच परत आला. मास्तर ओरडले तर म्हणतो, "दोन्ही बाजू माझ्याच आहेत ना?" या पोरांना तयार कपडे आणायचे आणि गुडघे फाटेपर्यंत वापरायचे, असा रिवाज पडून गेला होता.

मग बायकोला पुन्हा दिवस गेले आणि मास्तरांना जणू पंख फुटले. त्यांनी पहिल्याच महिन्यात ठरवून टाकलं, ही मुलगी. "आज ती फार लाथा मारतेय का?" असं पुढेपुढे रोज विचारायचे. "तिला आंबट नको असेल, म्हणून तुला मळमळतं." बायको व्यवहारी. ती म्हणायची, "अहो, जरा दम धरा. तोही असेल." मास्तर म्हणायचे, "'तो' आहेत की दोन!" त्यांची आई कोपऱ्यात भाजी निवडता निवडता म्हणायची, "काही का असेना, सुखरूप येऊ दे." मास्तर हे कानामागे टाकायचे. दुकानात गिऱ्हाईक नसलं की शिवायला त्यांनी एक फ्रॉक घेतला होता, फिकट पिवळ्या मलमलीचा, वर बारीक पांढरी फुलं. बाहुलीला यावा एवढासा, पण त्यातही घेर पुरेपूर.

दवाखान्यात सिस्टर बाहेर आल्या त्या मोठ्या आवाजातच. "मुलगा झाला हो, मुलगा!" अशी बातमी आणली की समोरचा माणूस उडी मारतो, असा त्यांचा अनुभव असणार. मास्तर म्हणाले, "बरं."

सिस्टरांना वाटलं, ऐकू गेलं नाही. त्या आणखी जोरात म्हणाल्या, "मुलगा!"

"हो, ऐकलं. ती बरी आहे ना?"

"अहो, ती नाही, मुलगा झालाय!"

"बायकोचं विचारतोय हो, बायकोचं!"

सिस्टर हसत आत गेल्या आणि त्यांनी तो विनोद सगळ्या वॉर्डाला सांगितला. पण त्या 'ती'मध्ये नक्की कोण होतं, हे मास्तरांना स्वतःलाही सांगता आलं नसतं.

पुढचे दिवस अभिनंदनाचे होते, आणि तीच मोठी शिक्षा होती. दुःखाला निदान कुणी तरी शेजारी येऊन बसतं. इथे जो तो पाठीवर थाप मारत होता. समोरच्या किराणावाल्याला तीन मुली. तिघींचे फ्रॉक मास्तरांच्याच हातचे. तो म्हणाला, "तीन-तीन मुलगे! मास्तर, नशीब काढलंत. आमचं बघा." आणि साखरेचा एक पुडा फुकट बांधून दिला. मास्तरांनी तोंड आंबट करून तो घेतला.

गंमत अशी की याच विषयावर मास्तर आयुष्यभर लोकांवर डाफरत आले होते. दुकानात कुणी बाई "पुन्हा मुलगीच हो" असं पडलेल्या आवाजात म्हणाली, की मास्तर कातरी टेबलावर आपटायचे. "मुलगीच म्हणजे? च कशाला? मूल आहे की शिळा भात?" आणि आता त्यांच्या मनात दिवसरात्र तोच 'च' वाजत होता. पुन्हा मुलगाच. आपणही एकाच माळेचे मणी, हे कळत होतं आणि कळूनही चेहरा वर येत नव्हता. पिवळा फ्रॉक त्यांनी कागदात गुंडाळून वरच्या फळीवर, जुन्या अस्तरांच्या मागे ढकलला.

कुणाला काही बोलले नाहीत. बाळाला घेत, जोजवत, दुपटी वाळत घालत. बाप म्हणून कुठे कमी पडले, असं कुणी म्हटलं नसतं. चोरी पकडली गेली ती एका शब्दामुळे.

मास्तर बाळाला 'ते' म्हणत.

आता बाळाला 'ते' म्हणण्यात वावगं काहीच नाही. बाळ रडतं, बाळ हसतं, ते दूध पितं, आपली भाषाच तशी आहे. पण ही सोय पहिल्या काही दिवसांपुरती असते. मग कुणी तरी म्हणतं, "उठला का हा?" किंवा "उठली का ही?" आणि मूल त्या 'ते'मधून बाहेर येऊन घरातलं होऊन जातं. हे बाळही आजीसाठी, बायकोसाठी आणि भावांसाठी केव्हाच 'हा' झालं होतं. मास्तर मात्र 'ते उठलं', 'ते शिंकलं', 'ते झोपलं' यावरून हलत नव्हते. 'त्याला' आणि 'त्याचं' म्हणायची अडचण नव्हती, ते दोन्हीकडे चालतं. पण जिथे 'तो' म्हणायची वेळ यायची, तिथे जीभ हटकून वळसा घालायची.

धाकटा आता रातोरात मधला झाला होता आणि त्यामुळे जरा बिथरलेलाच होता. एकदा जेवताना तो म्हणाला, "बाबा, तुम्ही बाळाला 'ते' का म्हणता? ते काय साहेब आहेत?"

सगळे हसले. मास्तरही हसले. बायको हसली नाही.

पुढे एका सुटीच्या दुपारी, पोरं खाली खेळत असताना, तिनं विषय काढला. ती धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. थोरल्याची झबली, मग मधल्याची झबली, आता तिसऱ्या अंगावर चढून विटलेली.

"अहो, हा काय करतोय बघा जरा."

मास्तरांनी पाळण्यात डोकावून पाहिलं. "ते झोपलंय."

"ते," बायको म्हणाली. "थोरला झाला तेव्हा 'तो शिंकला, तो शिंकला' करत तुम्ही गल्लीभर सांगत सुटला होतात. आणि हा? पोटात होता तेव्हा 'ती'. झाल्यावर 'ते'. तिथेच मुक्काम ठोकून बसलात. अजून किती दिवस?"

मास्तरांनी आधी उडवून लावायचा प्रयत्न केला. "बाळाला 'ते' म्हणतातच की." पण बायकोनं घडी घालायचं थांबवलं आणि ती नुसती बघत राहिली. तिच्या या बघण्यापुढे त्यांचं कधीच काही चाललं नव्हतं.

"मला वाईट वाटतं गं," शेवटी म्हणाले. "आणि वाईट वाटतं याचं आणखी वाईट वाटतं. धडधाकट पोर आहे, हसतं, बघतं. त्याचा काय दोष? मला कळतं सगळं. पण मी तिच्याशी इतके महिने बोललो होतो."

"मीही बोलले होते," बायको म्हणाली. "तुम्हाला काय वाटलं, मला नको होती? या तीन बाप्यांच्या घरात माझ्या बाजूचं एक माणूस हवं होतं मला. दवाखान्यात मी भिंतीकडे तोंड करून रडलेय. तुम्ही चहा आणायला गेला होतात तेव्हा." तिनं नाक ओढलं. "पण पाजायचं म्हटलं की तोंड इकडे करावंच लागतं. इकडे केलं की हा दिसायचा. सारखा सारखा दिसला, मग झाला माझा. तुम्हाला पाजायचं नाही, म्हणून तुमचं तोंड अजून भिंतीकडेच आहे."

हे मास्तरांना ठाऊकच नव्हतं. त्यांच्या पाठीमागे बायकोनं हे सगळं एकटीनं उरकलं होतं.

"तुम्हाला पाजता येत नाही, पण शिवता तर येतं," ती म्हणाली. "अख्ख्या गावाच्या पोरींना शिवता, आणि याच्या अंगावर बापाच्या हातचं चिंधूक नाही. बुधवारी डोस द्यायला न्यायचाय याला. एक शर्ट शिवा. मापं घ्यायला तरी नीट बघाल त्याच्याकडे."

मास्तरांनी गळ्यातला टेप काढला. बाळ जागं झालं होतं. त्यांनी त्याला सतरंजीवर घेतलं, छातीभोवती टेप फिरवला, खांदा मोजला. गिऱ्हाइकांच्या मुली माप देताना खुदखुदतात, वळवळतात. हे बाळ एकदम शांत होऊन त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलं. मग त्यानं टेपचं टोक मुठीत पकडलं आणि तोंडात घातलं. मास्तर ओढत होते, बाळ सोडत नव्हतं. ही झटापट चालू असतानाच बाळानं सरळ वर कारंजं उडवलं. टेप, सतरंजी आणि मास्तर, तिघंही भिजली.

"इतक्या वर्षांत एका गिऱ्हाइकानं असं केलं नाही!" मास्तर ओरडले. बाळ खूश होऊन पाय झाडू लागलं.

मास्तर खाली दुकानात आले. दार लोटून घेतलं आणि कापड शोधायला लागले. हे जाड, ते खरखरीत, हे रंग सोडेल. त्या इवल्याशा अंगाला चालेल असं कापड दुकानात एकच होतं, आणि ते कुठे आहे हे त्यांना पक्कं माहीत होतं. स्टूल ओढलं आणि वरच्या फळीवरून पुडकं काढलं.

फ्रॉक उसवायला बसले. उसवायला शिवण्यापेक्षा जास्त वेळ लागतो, त्यात टाके आपणच प्रेमानं घातलेले असले की विचारायलाच नको. एकेक चुणी सुटत गेली. घेर मोकळा होऊन टेबलावर सपाट पसरला. फुग्याची बाही उसवताना मास्तरांना टाका दिसेना. डोळे भरून आले होते. पुसायला त्यांनी सवयीनं टेपचं टोक उचललं, मग त्या टेपचं काय झालंय ते आठवलं आणि स्वतःच्या शर्टाच्या बाहीनंच पुसले. रडता रडता हसू आलं. त्या दुकानात आजवर गिऱ्हाइकांनी हसू-रडू पुष्कळ केलं होतं, मालकाची ती पहिलीच वेळ.

पुन्हा कापायला घेतलं तेव्हा हात आपोआप चालू लागले. एवढीशी कॉलर, अर्धी बाही, पुढे बटणपट्टी. घेराचं सगळं कापड त्यात खपलं. मग हातानं काजं केली. काज म्हणजे बटणाचं भोक, पण मास्तरांच्या हातचं असलं की त्याला भोक म्हणवत नाही. आधी कातरीच्या टोकानं नेमका छेद, मग त्याच्या कडेनं एकाला एक लागून टाके, कुठे धागा वर नाही की खाली नाही. मोत्यासारखी पांढरी बटणं लावली. शर्ट झटकला आणि दोन-दोन पायऱ्या चढत वर गेले.

बायकोनं बाळाला शर्ट घातला. अंगाला असा बसला की काय सांगावं. ती बटणं लावायला लागली आणि मध्येच थांबली.

"अहो."

"काय? घट्ट होतोय?"

"काज कुठल्या बाजूला आहे?"

मास्तरांनी पाहिलं. पुन्हा पाहिलं. मुलींच्या कपड्याला काज उजवीकडे आणि बटण डावीकडे, मुलांच्या कपड्याला बरोब्बर उलटं. हे टेलरच्या पोराला दूधदात पडायच्या आत कळतं. आणि या मुलाच्या पहिल्या शर्टाला मास्तरांनी काजं सरळ उजवीकडे केली होती. आयुष्यभर उजवीकडेच केली होती, हातानं डोक्याला विचारलंच नाही.

बायकोची हसून हसून पुरेवाट झाली. आजी काय झालं म्हणून विचारायला आली आणि तीही पदर तोंडाला लावून बसली. मास्तर मात्र खरंच हादरले. "काढ तो. मी परत करतो."

"कसं करणार?"

शिवण उसवता येते, काज उसवता येत नाही. एकदा कापड कापलं की कापलं. आणि दुसरा शर्ट निघेल एवढी मलमल उरली नव्हती.

"राहू दे," बायको डोळे पुसत म्हणाली. "छान दिसतोय. याला कुठे बाजू कळतेय."

बुधवारी दवाखान्यात गर्दी होती. बाकावर मास्तर बाळाला मांडीवर घेऊन बसले, शेजारी बायको. पलीकडे एक म्हातारी नातवाला घेऊन आली होती, जाड भिंगाचा चष्मा, बोटांची टोकं सुईनं चरबरीत झालेली. तिनं बाळाकडे वाकून पाहिलं. बाळ हसलं.

"अगं बाई, किती गोड आहे ही! बघा कशी हसतेय माझ्याकडे. नाव काय हो हिचं?"

ही. हसतेय. हिचं. मास्तरांनी जे ऐकायला जीव टाकला होता, ते अखेर कुणी तरी म्हणत होतं, तेही त्यांच्या मांडीवरच्या मुलाकडे बघून. आणि त्यांना जराही गोड वाटलं नाही. म्हातारी दुसऱ्याच कुणाबद्दल बोलतेय असं वाटलं. त्यांनी बाळाला नकळत छातीशी घेतलं.

"मुलगा आहे," मास्तर म्हणाले.

"चेष्टा करता होय म्हातारीची? काजं बघा उजवीकडे आहेत. जन्म गेला माझा कारखान्यात काज-बटण करण्यात. मला बाजू शिकवू नका. मुलगीच आहे ही."

"अहो आजी, तो मुलगा आहे!"

"शर्ट तसं सांगत नाही."

"शर्टाचं काय घेऊन बसलात? तो माझा मुलगा आहे, मला माहीत नसेल? तो हसतो तेव्हा असाच एका बाजूनं हसतो, तो टेप खातो, तो..." मास्तरांचा आवाज इतका चढला की रांगेतली माणसं वळून बघायला लागली. बायको भिंतीवरचं घड्याळ मन लावून वाचत होती. हसू दाबताना तिच्या हनुवटीला कंप सुटला होता.

"बरं बाबा, मुलगा तर मुलगा," म्हातारी म्हणाली. "मग हे कुठल्या अडाण्यानं शिवलंय?"

फ्रॉकमास्तरांची सगळी अब्रू त्या प्रश्नावर येऊन टेकली. तयार कपडा आहे म्हणाले असते तर कुणी तपासायला येणार नव्हतं. मास्तरांनी बाळाची कॉलर सारखी केली.

"मी."

म्हातारीनं चष्मा सारखा केला. वाकून एका काजावरून अंगठा फिरवला, एकदा इकडून, एकदा तिकडून. "काज मात्र देखणं आहे," ती म्हणाली. "हाताला सवय मुलींच्या कपड्याची दिसते. घरात मुलगी नाही वाटतं?"

मास्तर ती जुनी जागा दुखायची वाट बघत थांबले. दुखलं, नाही असं नाही. पण पूर्वीसारखं नाही.

"नाही," ते म्हणाले. "तीन मुलगे. त्यातला हा सगळ्यात हसरा."

तेवढ्यात आतून हाक आली. सुई टोचली तेव्हा पोराच्या आधी बापच कळवळला. सिस्टर त्याच होत्या. त्यांनी ओळखलं आणि विचारलं, "काय हो, ती बरी आहे ना?" मास्तर लाजले आणि म्हणाले, "दोघंही बरी आहेत."

घरी येताना पोर त्यांच्या खांद्यावर होतं. आधी मुसमुसलं, मग शर्टाची कॉलर तोंडात धरून हळूहळू सैल पडलं. मास्तर त्याच्या पाठीवर थोपटत, गर्दीतून वाट काढत, ओरडणाऱ्या भाजीवाल्यांकडे रागानं बघत चालले होते. बायको पिशवी सांभाळत शेजारून येत होती. किराणावाल्याच्या दुकानापाशी आल्यावर तिनं मुद्दाम, अगदी साळसूद आवाजात विचारलं,

"झोपलं का हो ते?"

मास्तर थांबले. तिच्याकडे डोळे वटारून बघितलं.

"तो झोपलाय," ते कुजबुजले. "हळू बोल."